डिसेंबरातलं पुणं आणि बिनअंड्याचे स्नोमॅन: हिवाळी केकपॉप, स्नोफ्लेक कपकेक आणि कोनाच्या झाडांच्या प्रकल्प नोंदी

शनिवार, ३० नोव्हेंबर २०२४: यादी आणि खरेदी

काम असं: रविवारी, २२ डिसेंबरला आठ खोकी द्यायची आहेत. प्रत्येकात दांडीवरचे तीन स्नोमॅन केकपॉप (केकच्या चुऱ्याचे, वर कोटिंग दिलेले गोळे), स्नोफ्लेक लावलेले दोन कपकेक आणि आइस्क्रीमच्या कोनाचं एक झाड. म्हणजे २४ पॉप, १६ कपकेक, ८ झाडं. सगळं बिनअंड्याचं. ही अट खरेदीच्या आधी पक्की करून घ्यावी, कारण ती फक्त केकपुरती नसते. स्नोफ्लेकसाठी सर्रास सुचवली जाणारी मेरिंग पावडर अंड्याच्या पांढऱ्या बलकाचीच असते.

सामान रविवार पेठेतून, बोहरी आळीतून. पांढरं कंपाउंड (कोको बटरऐवजी दुसऱ्या तेलाचं चॉकलेट) ५०० ग्रॅमच्या तीन लाद्या (१७० रुपयांची एक), १५ सेंटिमीटरच्या कागदी दांड्या ५० नग (६०), आयसिंग शुगर २ किलो (१६०), पांढरा फाँडंट, म्हणजे मळलेल्या कणकेसारखी साखर, २५० ग्रॅम (९०), तो कडक व्हायला सीएमसी पावडर ५० ग्रॅम (७०), साखरेच्या कोनांचं पाकीट (८०), नॉन-डेअरी व्हिप क्रीम १ लिटर (२२०), कोको बटर ५० ग्रॅम (१३०). रंग चार, साठ-साठ रुपयांचे: नारिंगी, लाल आणि हिरवा जेल, जांभळा मात्र तेलात विरघळणारा. जांभळा कशाला, ते पुढे येईल. शिवाय जाड पारदर्शक प्लास्टिकचे चार कागद (४०), झाकणाची खोकी आठ (२८०).

अवजारांत दोन गोष्टी नव्याने घेतल्या: टोचायचा डिजिटल थर्मामीटर (३५०) आणि हवेतला दमटपणा दाखवणारं छोटं घड्याळ (२५०). दुसरी वस्तू चैनीची वाटेल, पण सगळ्यात जास्त उपयोग तिचाच झाला.

स्नोफ्लेकचे तयार साचे घेतले नाहीत. दुकानात दिसले त्यांतले निम्मे आठ पाकळ्यांचे होते. बर्फाच्या कणाला हात सहाच असतात, कारण गोठताना पाण्याचे रेणू षट्कोनी रचनेत बसतात. आठ हातांचं काढलं की ते रांगोळीतलं फूल होतं. अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या विल्सन बेंटलीने १८८५ साली सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून हिमस्फटिकांचे फोटो काढायला सुरुवात केली. तसे जुने फोटो ५ सेंटिमीटर व्यासाचे छापून घेतले आणि प्लास्टिकच्या कागदाखाली ठेवून गिरवायला वापरले. नुसत्या कंपासने काढायचं असेल तर ६० अंशांवर सहा रेघा, एवढंच.

रविवार, १ डिसेंबर: बेस केकची चाचणी

एका घाण्याचं प्रमाण: मैदा १८० ग्रॅम, साखर १५० ग्रॅम, दही २४० ग्रॅम, वास नसलेलं तेल १२० मिली, बेकिंग पावडर सव्वा छोटा चमचा, खाण्याचा सोडा अर्धा छोटा चमचा, व्हॅनिला एक छोटा चमचा, मीठ चिमूटभर. दही, साखर आधी फेटायचं, त्यात पावडर आणि सोडा घालून पाच मिनिटं ठेवायचं, बुडबुडे आले की तेल, व्हॅनिला आणि शेवटी चाळलेला मैदा. ८ इंची चौकोनी टिन, १७५ अंश, ३५ मिनिटं.

पहिला घाणा बसका झाला, रंग पिवळट आणि चवीला साबणासारखा. कारण दही. सोड्याला आंबटपणा लागतो आणि थंडीत रात्री लावलेलं दही सकाळी गोड असतं. आंबटपणा कमी पडला की सोडा तसाच उरतो, तोच चवीत लागतो. दुसऱ्या घाण्यात तेच दही, फक्त एक छोटा चमचा पांढरा व्हिनेगर जास्त. बुडबुडे लगेच आले, केक दीडपट फुगला. थंडीच्या महिन्यांत हा व्हिनेगर धरूनच चालावं. दही उन्हात ठेवून आंबट करण्याचा खटाटोपही चालतो, पण दर वेळी किती आंबट झालं ते कळत नाही.

कच्चं पीठ साधारण ६९० ग्रॅम भरतं, कडा आणि वरची साल काढल्यावर ५४० ग्रॅमच्या आसपास केक हाती येतो. साल काढावीच. तपकिरी कडक तुकडे चुऱ्यात राहिले की गोळ्याला टेंगळं येतात आणि पांढऱ्या कोटिंगमधून डाग दिसतात.

मंगळवार, ३ डिसेंबर: स्नोफ्लेक, पहिली फेरी (सगळी वाया)

स्नोफ्लेक रॉयल आयसिंगचे, म्हणजे वाळून कडक होणाऱ्या साखरेच्या आयसिंगचे; त्यात अंड्याऐवजी काबुली चण्याचं पाणी. चणे भिजवताना सोडा नको, शिजवताना मीठ नको. दोन्ही सवयीने घातले जातात. कुकरमधलं पाणी गाळून निम्मं होईपर्यंत आटवायचं आणि गार करायचं. ६० मिली पाणी फेस येईपर्यंत फेटून त्यात ४०० ग्रॅम आयसिंग शुगर थोडी थोडी, अर्धा छोटा चमचा लिंबाचा रस. फेटणी उचलली की टोक उभं राहून किंचित वाकलं पाहिजे. त्यापेक्षा सैल असेल तर रेघा पसरून हात एकमेकांना चिकटतात.

भांड्याला तुपाचा किंवा लोण्याचा हात लागलेला असेल तर फेस बसतो. काचेचं किंवा स्टीलचं भांडं लिंबाच्या फोडीने पुसून घेतलं. प्लास्टिकचं वापरू नये, त्यात तेलकटपणा मुरलेला असतो.

मुख्य हात दोन नंबरच्या नोझलने, फांद्या एक नंबरने. एक नंबर सारखा तुंबत होता. आयसिंग शुगर पिठाच्या चाळणीतून चाळलेली होती. त्याने भागत नाही. मलमलच्या फडक्यातून गाळल्यावर तुंबणं थांबलं. घरी मिक्सरवर दळलेली साखर या कामाला नकोच.

काढून झाले, पण वाळले नाहीत. फेंगल चक्रीवादळ ३० नोव्हेंबरला पुद्दुचेरीजवळ किनाऱ्यावर आलं आणि त्याचा उरलेला भाग पश्चिमेकडे सरकला, तसे पुण्यात ढग आले. स्वयंपाकघरातलं घड्याळ दमटपणा ७८ टक्के दाखवत होतं. रात्रभर ठेवलेले स्नोफ्लेक सकाळी वरून कडक, खालून ओले. उचलले की मधोमध तुटत होते. काही बटर पेपरवर काढून पाहिले होते. तो कागद ओलाव्याने सुरकुतला आणि त्यांचे हात वाकडे वाळले. ४०० ग्रॅम साखर आणि दोन संध्याकाळी गेल्या.

शुक्रवार, ६ डिसेंबर: स्नोफ्लेक, दुसरी फेरी

आभाळ अजून पूर्ण मोकळं नाही. या वेळी वाळवण ओटीजीत (छोट्या विजेच्या ओव्हनमध्ये): ५० अंशांवर दहा मिनिटं तापवून बंद केला, दार दोन बोटं उघडं, आत ट्रे. तासाभराने पुन्हा तसंच. ५० च्या वर नेऊ नये, साखर पिवळी पडते आणि प्लास्टिकचा कागद वाकतो. ज्यांच्या ओटीजीत दिवा आहे त्यांनी नुसता दिवा लावून रात्रभर ठेवलं तरी चालेल.

चार तासांत कोरडे. कागद टेबलाच्या कडेवरून हळूहळू खाली ओढायचा, म्हणजे स्नोफ्लेक आपोआप सुटा होतो. सुरी खाली घालून उचलू नये. मोडतात ते जवळजवळ नेहमी मध्यभागी, जिथे सहा रेघा भेटतात तिथे. म्हणून मध्यावर एक जाडसर ठिपका दिला. मोडतोड निम्म्यावर आली. तरीही दहातले तीन जातात असं धरून दीडपट काढावेत.

आकाश निरभ्र असेल तर ओटीजीची गरजच नाही. पुण्यात डिसेंबरात सकाळी हवा दमट असते आणि दुपारी एकदम कोरडी होते. नंतरच्या आठवड्यात दुपारी बाराला काढलेले काही जास्तीचे स्नोफ्लेक पंख्याखाली पाचपर्यंत खडखडीत वाळले. घड्याळावर तेव्हा ३५ टक्के होते. सूर्य मावळायच्या आत डब्यात बंद करायचे, नाहीतर रात्री पुन्हा ओल धरतात.

मंगळवार, १० डिसेंबर: चुरा आणि बांधणी

केक आदल्या दिवशी भाजून, गुंडाळून फ्रीजमध्ये. सकाळी जाड किसणीवर किसला. मिक्सर नको, चटणीच्या भांड्यात तो दोन सेकंदांत चिकट गोळा होतो.

बांधणीला लोणी आणि आयसिंग शुगरचं बटरक्रीम (६० ग्रॅम बिनमिठाचं लोणी, ९० ग्रॅम साखर). बहुतेक कृतींमध्ये दिलेलं प्रमाण कोरड्या स्पंजसाठी असतं. दही-तेलाच्या केकला तेवढं बटरक्रीम घातलं की गोळा ढिला पडतो. ५४० ग्रॅम चुऱ्याला १२० ग्रॅम घालून पाहिलं: हाताला तेल सुटलं, दांडीवरून गोळा तासाभरात खाली घसरला. ९० ला बरं, ७५ ला बरोबर. अंदाज रव्याच्या लाडवाचा: मुठीत दाबल्यावर वळला पाहिजे आणि दोन बोटांनी दाबला की फुटला पाहिजे. न फुटता चेपला गेला तर बटरक्रीम जास्त झालं. मग आणखी चुरा हाच इलाज, म्हणून चुऱ्यातला शंभरेक ग्रॅम नेहमी बाजूला काढून ठेवावा.

गोळे वजनावरच करावेत. अंग २२ ग्रॅम, डोकं १२ ग्रॅम. आधी २८ आणि १५ केलं होतं, पण ४० ग्रॅमच्या वर गेलं की कोटिंगच्या वजनासकट कागदी दांडी वाकते. वळताना तळहातात आधी जोरात दाबून घ्यायचं, मग फिरवायचं. नुसतं फिरवलं तर आत भेगा राहतात आणि त्या कोटिंगनंतर दिसतात.

बुधवार, ११ डिसेंबर: कोटिंग, आणि तडे

या प्रकल्पाचा सगळ्यात जास्त वेळ इथे गेला, म्हणून सविस्तर.

दांडीचं टोक दीड सेंटिमीटर वितळलेल्या कंपाउंडमध्ये बुडवून अंगात घातलं, वर टोक काढून त्यावरही कंपाउंड लावून डोकं बसवलं. दहा मिनिटं थांबून बुडवायला सुरुवात. गोळे सकाळपासून फ्रीजमध्ये होते, कारण सगळीकडे तसंच सांगितलेलं असतं.

कोटिंग बसलं सुंदर, गुळगुळीत. पंधरा मिनिटांत टक-टक आवाज येऊन एकेकाला मानेपासून खालपर्यंत तडे. थर्मामीटरने पाहिलं: गोळ्याच्या पोटात ६ अंश, खोलीत २७. थंड गोळ्यावर कंपाउंड पटकन घट्ट होऊन आकसतं. आतला गोळा मात्र खोलीच्या उष्णतेने फुगत जातो. कवचाला ताण सहन होत नाही. वर त्यांना घामही आला. फ्रीजमधून आलेल्या गार वस्तूवर हवेतली वाफ थिजते, आणि ते पाणी कंपाउंडवर डाग पाडतं.

न तडकलेल्यांतून तासाभराने पिवळट तेलाचे बारीक थेंब बाहेर आले. कोटिंगमध्ये सुईएवढी भोकं राहिली की तिथून आतलं तेल वाट काढतं. ही भोकं बुडबुड्यांची. कंपाउंड वितळल्यावर भांडं ओट्यावर आपटून दहा मिनिटं स्थिर ठेवल्यावर ती जवळजवळ नाहीशी झाली.

आणखी एक नुकसान वाफेचं. वितळवायला पातेल्यावर वाडगा ठेवला होता. उचलताना बुडाचा एक थेंब आत पडला आणि २०० ग्रॅम कंपाउंडच्या गुठळ्या झाल्या. तेल घालून ते सैल झालं, पण चकाकी परत आली नाही. ते कोनाच्या आतल्या अस्तरासाठी ठेवलं. यापुढे मायक्रोवेव्ह: निम्म्या शक्तीवर ३०-३० सेकंद, दर वेळी ढवळून. ४५ अंशांच्या वर जाऊ द्यायचं नाही, दाट होऊन खरखरतं.

गुरुवार, १२ डिसेंबर

दुरुस्तीच्या कामासाठी भागातली वीज दुपारपर्यंत बंद. गुरुवारचं भाजण्याचं काम ठेवूच नये.

वेळ फाँडंटच्या नाकांत घातला. २५० ग्रॅम फाँडंटला एक छोटा चमचा सीएमसी, नाहीतर पुण्याच्या दुपारी बारीक टोक वाकतं. नाक सव्वा सेंटिमीटरचं, तळहातावर एका बाजूने वळून. सुरीच्या पाठीने तीन-चार आडव्या खुणा. रात्रभर उघडं वाळवायचं. रंग नारिंगीच हवा. मंडईत या दिवसांत लाल गाजरांचे ढीग असतात म्हणून काही नाकं लाल करून पाहिली. पांढऱ्या तोंडावर लाल मिरची दिसते.

डोळ्यांना खाण्याच्या रंगाचं पेन चालत नाही, तेलकट कोटिंगवर ते उमटतच नाही. काळे तीळ उत्तम. संक्रांतीसाठी आणलेले घरात असतातच. कोटिंग घट्ट व्हायला वीसेक सेकंद असतात, तेवढ्यात चिमट्याने बसवायचे. उशीर झालाच तर टूथपिकच्या टोकावर कंपाउंडचा कण घेऊन चिकटवावे.

शनिवार, १४ डिसेंबर: न विरघळणारा बर्फ

कपकेकवर आणि झाडांवर भुरभुरायचा बर्फ. साधी आयसिंग शुगर क्रीमवर अर्ध्या तासात गायब होते. सुक्या खोबऱ्याचा बारीक कीस टिकतो, पण त्याची चव सगळ्यावर बसते आणि जवळून तो खोबरंच दिसतो.

बेकरीवाले न विरघळणारी साखर वापरतात; ती मुळात डेक्स्ट्रोज (म्हणजे ग्लुकोज), थोडा स्टार्च आणि वर स्निग्ध पदार्थाचा पातळ थर. घरी: मेडिकलमध्ये मिळणारी साधी, बिनचवीची ग्लुकोज पावडर १०० ग्रॅम (६० रुपयांचं पाकीट पुरून उरतं), कॉर्नफ्लोअर १५ ग्रॅम (१०० अंशांवर दहा मिनिटं कोरडं भाजून गार केलेलं), स्निग्ध पदार्थ ५ ग्रॅम. स्निग्ध पदार्थ कोमट वितळवून थेंब थेंब टाकत बोटांनी चोळायचं, मग दोनदा चाळायचं.

आधी खोबरेल घातलं, रिफाइंड, वास नसलेलं. सकाळी सातला झकास मोकळी पावडर. दुपारी दोनला तिचे खडे. खोबरेल २४ अंशांच्या आसपास वितळतं आणि दुपारी ओट्याजवळ २८ होते. कोको बटर ३४ अंशांच्या आसपास वितळतं. ते वापरल्यावर दुपारीही पावडर मोकळी राहिली आणि क्रीमवर रात्रभर पांढरी टिकली. ५ ग्रॅमचेच पैसे पडतात, काटकसर इथे करू नये.

ग्लुकोज जिभेवर विरघळताना उष्णता शोषतं, त्यामुळे तोंडात जरा गार लागतं. बर्फाच्या नावाखाली हे आयतंच मिळालं.

सोमवार, १६ डिसेंबर: कोटिंग, दुसऱ्यांदा

आज चांगलीच थंडी. पहाटे साडेसहाला स्वयंपाकघरात १८ अंश. ११ तारखेच्या तड्यांवर उपाय इथेच मिळाला: फ्रीज नकोच. रात्री दांड्या घालून, झाकून ओट्यावर ठेवलेले गोळे सकाळी १९ अंशांवर होते, घट्ट आणि न घसरणारे. कंपाउंड ४० अंशांवर. बुडवलं, झटकलं, उभं केलं. दुपारपर्यंत एकही तडा नाही, घाम नाही. हेच काम दुपारी तीनला करून पाहिलं तर गोळा बुडवतानाच दांडीवरून निसटला. ज्यांना दुपारीच वेळ आहे त्यांनी गोळे १५ मिनिटंच फ्रीजमध्ये ठेवावेत आणि पोटात १८ ते २० अंश झाले की बुडवावेत. थर्मामीटर टोचायला एक जादा गोळा करून ठेवावा.

थंडीचा एक तोटा. कंपाउंड पातळ करायला ५०० ग्रॅमला दोन ते तीन छोटे चमचे रिफाइंड खोबरेल लागतं (ही २०० मिलीची बाटली ८० रुपयांची), आणि आज ते बाटलीत गोठलेलं होतं. गोठलेलं चमच्याने घातलं की मोजमाप चुकतं आणि कंपाउंड जागच्या जागी दाट होतं. बाटली कोमट पाण्यात ठेवून तेल आधी वितळवावं. खोबरेलच का? बाजारातलं बहुतेक कंपाउंड पाम कर्नल तेलाचं असतं आणि खोबरेलाची जात त्याच्याशी जुळते. लोणी घालू नये, त्यात पाणी असतं. सूर्यफुलाच्या तेलाने कवच मऊ राहतं.

बुडवायला उंच, अरुंद स्टीलचा पेला, गरम पाण्याच्या वाडग्यात उभा. पाण्याची पातळी पेल्याच्या निम्म्यापर्यंतच. पॉप सरळ आत, सरळ बाहेर. आत गोल फिरवला की डोकं निखळतं. जादा कंपाउंड काढायला दांडी पेल्याच्या काठावर न आपटता दुसऱ्या हाताच्या मनगटावर टिचक्या द्यायच्या. मग हळूहळू फिरवत राहायचं, थेंब पडायचे थांबले की थर्माकोलमध्ये उभं करायचं. दांडीच्या मुळाशी कंपाउंडची कड पूर्ण बंद झाली आहे का ते पाहावं. तिथून हमखास तेल गळतं.

रंगाचं: पांढरं कंपाउंड नुसतं ठेवलं तर साईच्या रंगाचं दिसतं. त्यावर टायटेनियम डायऑक्साइडची पांढरी पावडर विकली जाते. युरोपीय संघाने २०२२ मध्ये ती खाद्यपदार्थांत बंद केली. इथे ती वापरली नाही. त्याऐवजी ५०० ग्रॅमला तेलात विरघळणाऱ्या जांभळ्या रंगाचं टूथपिकच्या टोकाएवढं बोट. पिवळ्याला जांभळा मारतो. टोकाएवढं म्हणजे खरंच तेवढंच. जरा जास्त झालं आणि एक पेला राखाडी झाला. जेल रंग पाण्याचा असतो, तो घातला तर गुठळ्या.

बुधवार, १८ डिसेंबर: कोनाची झाडं

कोन उलटा ठेवून हिरव्या क्रीमच्या चांदण्या नोझलने खालून वर. सोपं. फक्त कोन क्रीमच्या ओलाव्याने तीन तासांत मऊ पडून बसतो. आतून-बाहेरून कंपाउंडचा पातळ हात दिला (११ तारखेचं गुठळ्या झालेलं इथे कामी आलं), मग दुसऱ्या दिवशीही कुरकुरीत. पोकळीत उरलेल्या चुऱ्याचे लाडू दाबून भरले आणि बूड कंपाउंडने बंद केलं. रिकामा कोन खोक्यात कलंडतो, भरलेला बसतो.

शुक्रवार, २० आणि शनिवार, २१ डिसेंबर: अंतिम काम

शुक्रवारी बेसचे दोन घाणे पॉपसाठी, एक कपकेकसाठी (१६ कागदी वाट्या, प्रत्येकी ४२ ग्रॅम पीठ, १७० अंश, १८ मिनिटं). पॉपसाठी ७४० ग्रॅम चुरा आणि १०५ ग्रॅम बटरक्रीम पुरलं, बाकीचा चुरा कोनांत. व्हिप क्रीम फ्रीझरमधून फ्रीजमध्ये शुक्रवारी संध्याकाळी; त्यात बर्फाचा कण राहिला तर फेटताना फुटतं.

शनिवारी सकाळी साडेसहा ते नऊ फक्त कोटिंग. डोळे-नाक लावणारा दुसरा माणूस हवाच. एकट्याने बुडवायचं आणि सजवायचं म्हटलं की तीळ लागायच्या आत कवच घट्ट होतं. मफलर लाल फाँडंटचा, ६ मिलिमीटर रुंद पट्टी. मानेवर पाण्याऐवजी कंपाउंडचा ठिपका. मफलर लावल्यावर पॉप पुन्हा फ्रीजमध्ये ठेवायचे नाहीत, फाँडंट पाझरतो आणि लाल ओघळ पांढऱ्या पोटावर येतात. चाचणीतला एक पॉप त्यातच गेला.

कपकेकवर क्रीम, वर बर्फाची पावडर. स्नोफ्लेक शेवटी. व्हिप क्रीममध्ये पाणी असतं, त्यात खोचलेला स्नोफ्लेक दोन तासांत खालून विरघळून आडवा होतो. खोचायच्या टोकाला आणि मागच्या बाजूला ब्रशने कंपाउंडचा हात दिला, वाळवला, मग खोचला. असा रविवारपर्यंत उभा राहिला. ज्यांना हे नको त्यांनी स्नोफ्लेक पिशवीत वेगळे द्यावेत.

कपकेक आणि झाडं फ्रीजमध्ये बंद डब्यात, पॉप बाहेर, जाळीच्या झाकणाखाली.

रविवार, २२ डिसेंबर: भरणी, पोचवणं, हिशेब

पॉप खोक्यात आडवे, दांड्या आलटून-पालटून, खाली कागदाच्या बारीक पट्ट्या. कपकेकखाली कापलेल्या पुठ्ठ्याची भोकं. नाहीतर पहिल्याच गतिरोधकाला क्रीम झाकणाला लागतं. फ्रीजमधल्या वस्तू डब्याचं झाकण न उघडता पाऊण तास बाहेर ठेवल्या. घाम डब्याला आला, क्रीमला नाही. मग खोक्यांत घातल्या. दुचाकीवर दोनपेक्षा जास्त खोकी नेऊ नयेत, आणि निघायचं अकराच्या आत.

खर्च: वर लिहिलेलं सामान, बेसचे पाच घाणे (साधारण ६० रुपयांचा एक, चाचणीचे धरून) आणि ६० रुपयांचं लोणी मिळून २,३८० रुपये. आठ खोक्यांना भागलं तर एका खोक्याला ३०० च्या आत, ४८ नगांना भागलं तर नगी ५० रुपये. यात वीज, गॅस, मजुरी आणि ६०० रुपयांची अवजारं नाहीत. फक्त पॉप करायचे असतील तर कोको बटर, क्रीम, कोन, प्लास्टिकचे कागद वगळता येतील.

टिकाऊपणा: पॉप डिसेंबरात बाहेर दोन दिवस, झाडं तेवढेच दिवस पण फ्रीजमध्ये; केक दह्याचा आहे, त्यापुढे ताणू नये. कपकेक फ्रीजमध्ये तीन दिवस. उरलेली बर्फाची पावडर घट्ट झाकणाच्या बरणीत, फ्रीजबाहेर. उरलेले स्नोफ्लेक बटर पेपरच्या थरांत, सिलिका जेलची पुडी टाकून पत्र्याच्या डब्यात, म्हणजे पुढच्या हंगामापर्यंत चालतात. जून लागायच्या आत पुडी बदलावी.